त्यांनी हो म्हटलं होतं

४ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

काल संध्याकाळी पोचले. तीन आठवडे बंद असलेल्या घराला एक वास येतो, तो घालवण्यात आजची सकाळ गेली. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर आपलं दोघींचं जमत नाही. तू रडतेस, मग मी रडते, आणि फोन ठेवल्यावर लक्षात येतं की बोलायचं ते राहूनच गेलं. शिवाय तीस वर्षं फळ्यावर आणि कागदावरच बोलले आहे मी. कागदावर माझा आवाज चढत नाही, असं धाकटा म्हणायचा.

आता मुद्द्याचं. धाकट्याला जाऊन महिना होत आला. अपघात, अपघात असं सगळे म्हणतात. मी म्हणणार नाही. माझा भाऊ एकवीस वर्षं तुमच्या त्या नऊ इमारतींच्या लिफ्ट सांभाळत होता. अठरा मजल्यांची एकेक इमारत, आणि कुठल्या इमारतीची लिफ्ट कुठल्या मजल्यावर कुरकुरते हे त्याला तोंडपाठ होतं. त्या दिवशी तो सहाव्या मजल्याजवळ, लिफ्टच्या डब्याच्या टपावर बसून काम करत होता. कप्पीत हात होता. आणि त्याचा तो नवा जोडीदार, ज्याला तुम्ही सगळे लंबू म्हणता, वरच्या दारात बटणांच्या पेटीपाशी उभा होता. त्याने लिफ्ट चालू केली. बस. यात न कळण्यासारखं काय आहे?

आणि तो म्हणतो काय, तर ‘मी विचारलं, मेस्त्री हात काढला का? ते हो म्हणाले.’ वहिनी, हात कप्पीत असताना कोण हो म्हणेल? मी तीस वर्षं पोरांच्या थापा ऐकल्या आहेत. इतकी कच्ची थाप चौथीतलं पोरसुद्धा मारत नाही.

मी कंपनीला आणि सरकारी निरीक्षकांना अर्ज पाठवला आहे. तू फक्त एवढं कर. धाकटा घरी या लंबूबद्दल काय काय बोलायचा, ते आठवून मला लिही. कामात ढिला आहे, लक्ष नसतं, असं काहीतरी बोलला असेलच.

बिट्टीला सांग, आत्याने अभ्यासाची आठवण केली आहे. जेवत जा.

तुझी,
ताई


१३ फेब्रुवारी

ताईंना नमस्कार.

तुमचं पत्र मिळून पाच दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, रागावू नका.

आमच्या इमारतीची लिफ्ट निरीक्षकांनी कुलूप लावून बंद केली आहे. चौकशी संपेपर्यंत उघडायची नाही म्हणे. अकरा मजले चढून येते मी. पडदे शिवायचं काम पुन्हा घेतलंय, त्यामुळे कापडाचा गठ्ठा काखेत असतो. पाचव्या मजल्यावर एकदा टेकते, आठव्यावर एकदा. जिन्यात माणसं भेटतात. पहिल्या आठवड्यात सगळे थांबून विचारायचे, कशा आहात, बिट्टी कशी आहे. आता नुसती मान हलवतात आणि धापा टाकत वर जातात. त्यांचं तरी काय चुकलं? सतराव्या मजल्यावरच्या आजोबांना खाली उतरून महिना झाला. ते खिडकीत बसून असतात, खालून दिसतात मला.

इकडे वारा फार सुटलाय. शेवटच्या बस थांब्यापलीकडे नुसतं माळरान, त्यामुळे अडवायला काही नाहीच. खिडक्या थडथड वाजतात.

ताई, लंबूबद्दल हे काही विशेष बोलायचे नाहीत. तो येऊन तीनच महिने झाले होते. जुना जोडीदार ऑक्टोबरात निवृत्त झाला, त्याच्या जागी आला. घाई करू नका, असं मला वाटतं. झालं ते झालं. कंपनीचे साहेब घरी येऊन गेले. म्हणाले, बिट्टीचं शिक्षण होईपर्यंत कंपनीची ही जागा तुमच्याकडेच राहील, पुढे तिला ऑफिसात चिकटवून घेऊ. चांगले बोलले. आता अर्ज-फाटे कशाला?

बिट्टी पुस्तक उघडून बसते. पान उलटल्याचा आवाज मात्र येत नाही.

तुमची तब्येत सांभाळा.

तुमची,
वहिनी


२० फेब्रुवारी

वहिनी,

‘झालं ते झालं.’ तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि या तीन शब्दांपाशी दोन्ही वेळा थांबले. दूध उतू गेलं तर माणूस म्हणतं, झालं ते झालं. तुझा नवरा गेलाय.

मला स्पष्ट विचारू दे. साहेब घरी येऊन ‘चांगले बोलले’ म्हणजे नक्की काय बोलले? जागा देतो, पोरीला चिकटवून घेतो, तुम्ही मूग गिळून बसा, असंच ना? मी समजू शकते, तुझ्यापुढे पोरीचं आयुष्य आहे. पण अशी भीक घेऊन तुला त्या घरात झोप कशी लागेल? तू मुळातच गरीब गाय. म्हणूनच मी उभी राहिले आहे.

कंपनीचं उत्तर आलं. लंबूला कामावरून दूर ठेवलं आहे. अठरा मार्चला चौकशी. त्यात त्याचा हलगर्जीपणा सिद्ध झाला तर पुढे पोलिसांत प्रकरण जाईल, असं निरीक्षकांनी लिहिलं आहे. वाचून पहिल्यांदा मला घासभर अन्न गोड लागलं. मला वाईट म्हणायचं तर म्हण.

तुलाही साक्षीला बोलावतील. फार काही बोलायचं नाही. धाकटा कामात किती काटेकोर होता, एवढंच सांगायचं. ते तर खरंच आहे ना? मग झालं.

ताई


२ मार्च

ताईंना नमस्कार.

परवा दुपारी दार वाजलं. उघडलं तर लंबूची बायको. चौथ्या इमारतीत राहते, शाळेच्या स्वयंपाकघरात भांडी घासते. तोंडओळख होती इतकीच. अकरा मजले चढून आली होती आणि आत यायला तयार नव्हती. तिथेच जिन्याच्या पायरीवर बसली. मी पाणी दिलं तर भांडं दोन्ही हातांत धरून नुसती बसून राहिली.

मी म्हटलं, “आत या, इथे वारा आहे.”

ती म्हणाली, “आत यायला तोंड कुठंय मला? तुमचं माणूस गेलंय. मी भांडायला नाही आले, काकी. तुमच्या नणंदेला अर्ज मागे घ्यायला सांगा असंही म्हणणार नाही. एकच विचारायचंय. आमचे हे म्हणतात, मी तीनदा विचारलं. दोनदा उत्तर आलं नाही, तिसऱ्यांदा हो म्हणाले. पहिले आठ दिवस असं छातीठोक सांगत होते. आता म्हणतात, मला ऐकल्याचा भास झाला असेल. भिंतीकडे तोंड करून बसलेले असतात. काल मला म्हणाले, ‘मीच मारलं मेस्त्रींना, आणि वर त्यांच्या तोंडी हो घातलं.’ काकी, माझ्या नवऱ्यात शंभर खोडी असतील, पण तो खोटं बोलत नाही. तुमचे मेस्त्री असं कधी बोलायचे का हो? मनात नसताना?”

मी काय सांगणार? मी म्हटलं, “मला काय माहीत बाई, मी कुठे होते तिथे.”

ती उठली, भांडं परत दिलं. पाणी प्यायलीच नव्हती. खाली उतरताना तिच्या चपलांचा आवाज मी पार तळमजल्यापर्यंत ऐकला.

ताई, मी तुमच्या पाया पडते. अर्ज मागे घ्या. चोर सोडून संन्याशाला फाशी नको. मला कारण विचारू नका.

वहिनी


९ मार्च

वहिनी,

कारण विचारू नका म्हणालीस म्हणजे कारण आहे. आणि ते मला ठाऊक आहे. एक बाई तुझ्या पायरीवर येऊन रडली आणि तू विरघळलीस. तिचा नवरा तिच्या घरी भिंतीकडे तोंड करून का होईना, बसलेला तरी आहे. माझ्या भावाचं तोंड कुठल्या भिंतीकडे आहे?

तुला त्या माणसाची दया येते. माझ्या भावाची येत नाही. हे लिहू नये, पण लिहिते. वीस वर्षं त्याने तुला फुलासारखं जपलं, आणि तो गेल्यावर तुझ्या तोंडून एक शब्द निघत नाही त्याच्या बाजूने. चोर कोण आणि संन्यासी कोण? चोर म्हणजे माझा भाऊ का?

मी सतरा तारखेला येते. चौकशीच्या वेळी मी समोर बसणार आहे. माझ्यासमोर बोल काय बोलायचं ते.

ताई


१४ मार्च

ताई,

तुमचं पत्र आज मिळालं. हे पत्र तुम्ही निघायच्या आत पोचावं म्हणून जलद टपालाने टाकते आहे. बिट्टी शिकवणीला गेली आहे. ती यायच्या आत लिहून संपवायचं आहे.

ह्यांना ऐकू येत नव्हतं.

एवढं वाक्य लिहायला मला दोन महिने लागले. आता पुढचं सांगते.

पाच वर्षांपूर्वी सुरुवात झाली. आधी डावा कान, मग उजवा. यंत्रांच्या घरघरीत आयुष्य गेलं, त्यानेच झालं असं बाहेरचा डॉक्टर म्हणाला. कानाला लावायचं यंत्र घ्या म्हणाला. हे म्हणाले, ते लावून कामावर गेलो तर त्याच दिवशी घरी पाठवतील. बहिऱ्या माणसाला लिफ्टच्या विहिरीत कोण उतरू देईल? नोकरी गेली की जागा गेली. बिट्टी तेव्हा बारा वर्षांची होती. म्हणाले, तिची शाळा संपेपर्यंत ओढू. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मग आम्ही झाकत गेलो. ते ओठ वाचायला शिकले. मी समोर बसून बोलायचे, सावकाश, दिवा माझ्या तोंडावर घेऊन. नवीन लग्न झाल्यासारखे बघत बसायचे माझ्याकडे. तेव्हा हसायचोही आम्ही. आवाज झाला एवढं त्यांना कळायचं, शब्द कळायचे नाहीत. मग पाठीमागून कुणी काही बोललं की ठोकून द्यायचे, हो हो. एकदा तेराव्या मजल्यावरच्या काकू जिन्यात म्हणाल्या, सून घर सोडून गेली हो. तर हे म्हणाले, “हो हो, छान झालं.” काकू वर्षभर बोलल्या नाहीत आमच्याशी. घरी येऊन मी सांगितल्यावर डोक्याला हात लावून बसले आणि मग इतके हसले की ठसका लागला. ताई, ती हसायची गोष्ट नव्हती. आता कळतंय.

दरवर्षी कंपनीची तपासणी असते. डॉक्टर मागे उभा राहून आकडे कुजबुजतो, आपण ते मोठ्याने म्हणायचे. समोर औषधांचं काचेचं कपाट होतं. काचेत डॉक्टरचे ओठ दिसायचे. तीन वर्षं तसं निभावलं. गेल्या वर्षी कपाट हलवलेलं. मी सोबत गेले होते. मी समोरच्या बाकावर बसले आणि डॉक्टरचा प्रत्येक आकडा ऐकून ओठांनी म्हटला. सात, चौदा, बावीस. त्यांनी माझ्या ओठांवरून वाचला. डॉक्टरने शेरा मारला, उत्तम. ते प्रमाणपत्र मी मिळवून दिलंय, ताई. त्यावर सही डॉक्टरची आहे एवढंच.

जुन्या जोडीदाराला सगळं ठाऊक होतं. तो कधी हाक मारायचाच नाही. बॅटरीचा उजेड दोनदा मारायचा, ह्यांनी उलट दोनदा मारला की मगच बटणाला हात लावायचा. तो निवृत्त झाला तेव्हा मी ह्यांना म्हटलं, नव्या माणसाला सांगा. म्हणाले, अजून ओळख नाही, पोटात ठेवील की नाही कोण जाणे, थोडे दिवस जाऊ देत. बिट्टीचे पाचच महिने उरलेत.

आणि आता जे सांगते ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. अपघाताच्या दिवशी सकाळीच लंबू ह्यांना बोलवायला दारात आला होता. हे आत बूट चढवत होते. लंबूने मला हळूच विचारलं, “वहिनी, मेस्त्री माझ्यावर रागावलेत का? कधी कधी दोन-दोन हाका मारतो, बघतसुद्धा नाहीत.” मला सांगता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं, “छे हो, स्वभावच तसा आहे त्यांचा. कामात गुंतले की जगाचं भान नसतं. तुम्ही मनावर घेऊ नका.” तो हसला. म्हणाला, मग बरं झालं, मला आपली भीती वाटत होती. आणि दोघं जिना उतरून गेले.

त्यांनी हो म्हटलं होतं, ताई. लंबूने बरोबर ऐकलं.

मी भीक घेते म्हणालात, मला ह्यांची दया येत नाही म्हणालात. म्हणा. अठरा तारखेला मी हे सगळं सांगणार आहे. तुम्ही आलात तरी सांगणार, नाही आलात तरी सांगणार.

वहिनी


२२ मार्च

ताईंना नमस्कार.

तुम्ही आला नाहीत. मी सतरा तारखेला दोन बस येईपर्यंत थांब्यावर उभी होते. पत्र पोचलं असणार, म्हणूनच आला नाहीत, असं धरून चालते. उत्तराची वाट न बघता लिहिते आहे, कारण काय झालं ते तुम्हाला माझ्याकडूनच कळायला हवं.

ऑफिसच्या मागच्या खोलीत चौकशी झाली. निरीक्षक, साहेब, एक लिहून घेणारी मुलगी, लंबू, आणि मी. मला आधी वाटलं होतं आवाज फुटणार नाही. पण एकदा सुरुवात केल्यावर पडद्याची मापं सांगावीत तशी सांगत गेले. कपाटाची काच, आकडे, बॅटरी, सकाळचं दारातलं बोलणं. साहेब मध्येच म्हणाले, “बाई, तुम्हाला कळतंय ना तुम्ही काय सांगताय? यात तुमचंच नुकसान आहे.” मी म्हटलं, “कळतंय.” निरीक्षकांनी त्यांना गप्प राहायला सांगितलं.

लंबू माझ्याकडे बघत नव्हता. मी ‘हो हो’ची सवय सांगितली तेव्हा त्याने वर पाहिलं. एवढा उंच माणूस, खुर्चीत मावत नव्हता, आणि लहान पोरासारखा विचारत होता, “म्हणजे मी ऐकलं होतं? खरंच ऐकलं होतं?” दोनदा विचारलं त्याने. मग टेबलावर डोकं ठेवून रडला. लिहून घेणारी मुलगीही थांबली.

बाहेर आल्यावर मी त्याची वाट बघत थांबले. काय बोलणार होते माहीत नाही. तो माझ्यापर्यंत आला. म्हणाला, “वहिनी, त्या दिवशी दारात मी विचारलं होतं तुम्हाला.” बस, इतकंच. रागाने म्हणाला असता तर बरं झालं असतं. मग त्याची बायको त्याचा दंड धरून त्याला घेऊन गेली.

लंबूवर आता काही नाही. पुढच्या आठवड्यापासून कामावर घेतील. आम्हाला मात्र मे अखेर जागा सोडायची आहे. बिट्टीच्या नोकरीचं बोलणं साहेबांनी पुन्हा काढलं नाही, मीही नाही.

इमारतीत बातमी जिन्यापेक्षा लवकर चढते. दुसऱ्याच दिवशी चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी मला अडवलं. “आमची पोरं एका बहिऱ्या माणसाच्या भरवशावर रोज वरखाली करत होती आणि तुम्ही तोंड शिवून बसलात?” खरं आहे. एकवीस वर्षांत एकाही माणसाला त्यांच्या हातून खरचटलं नाही, हेही खरं आहे, पण ते मी बोलले नाही. महिन्यापूर्वी हेच लोक म्हणत होते, मेस्त्रींसारखा माणूस होणे नाही. मी त्यांचं नाव घालवलं, ताई. जाताना त्यांच्याजवळ तेवढंच होतं.

बिट्टी माझ्याशी बोलत नाही. परीक्षेला जाते, येते, ताट उचलून आत नेते. तिला घरातलं सगळं ठाऊक होतं. पाच वर्षं तीही बाबांसमोर उभी राहूनच बोलायची. बाबांची गोष्ट बाहेर बोलायची नाही, हे मी तिला बजावलेलं होतं.

तुम्ही बोलला नाहीत तरी चालेल. पण जिवंत आहे एवढं कळवा.

वहिनी


६ एप्रिल

प्रिय वहिनी,

जिवंत आहे.

तुझं चौदा तारखेचं पत्र सोळाला दुपारी आलं. पिशवी भरून तयार होती. पत्र वाचलं आणि पिशवीशेजारीच खाली बसले. मग ताप आला, तो दहा दिवस उतरला नाही. पण तापामुळे आले नाही असं म्हणणं खोटं होईल. मला तुझ्या तोंडून ते ऐकायचं नव्हतं. तीस वर्षं खरं बोला, खरं बोला म्हणून पोरांना छड्या मारल्या, आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा मी घरात लपून बसले.

तुला एक सांगायचं आहे. हे फक्त तुलाच सांगता येईल, कारण दुसऱ्या कुणाला त्याचा अर्थ लागणार नाही.

वडील गेले तेव्हा आमच्यापैकी एकालाच शिकवणं घरात शक्य होतं. धाकटा माझ्यापेक्षा हुशार होता. गणितात तर फारच. पण मी मोठी, आणि मी हट्ट धरला. आईपुढे रडले, जेवले नाही. शेवटी मी शिक्षिका व्हायला गेले आणि तो पंधराव्या वर्षी कारखान्यात. पहिल्या दिवसापासून यंत्रांच्या घरघरीत. हे ओझं मी चाळीस वर्षं बाळगलं. तीन वर्षांपूर्वी तो एकटाच आला होता माझ्याकडे, आठवतं? चार दिवस राहिला. शेवटच्या दुपारी मागच्या अंगणात पायरीवर बसला होता, माझ्याकडे पाठ करून. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. समोर जाऊन बोलायची छाती झाली नाही. म्हणून मागूनच बोलले सगळं. “धाकट्या, तुझं शिक्षण मी हिसकावून घेतलं. तुझ्या जागेवर मी बसले. मला माफ कर.” बोलून झाल्यावर थांबले. तो हलला नाही. मी पुन्हा म्हटलं, “ऐकतोयस ना?”

तो न वळता म्हणाला, “हो हो.”

आणि वेताची काडी घेऊन मुंग्यांच्या वाटेशी खेळत राहिला.

मला वाटलं, चाळीस वर्षांनी मी तोंड उघडलं आणि याला माझ्याकडे वळून बघावंसंसुद्धा वाटलं नाही. माझ्या जिभेला हाड नाही म्हणतात सगळे, पण त्या दिवशी माझं काळीज दगडाचं झालं. त्यानंतर तीन वर्षं मी त्याला कामापुरतं लिहिलं. तो बोलावत राहिला, ताई, अकराव्या मजल्यावरून सूर्यास्त बघायला ये एकदा. मी काही ना काही कारण काढत राहिले. आले ती त्याला पोचवायलाच.

वहिनी, त्याने ऐकलंच नव्हतं. मी माफी मागितली आणि ती त्याच्यापर्यंत गेलीच नाही. आणि आता तो कुठे आहे की मी समोर जाऊन, तोंडावर उजेड घेऊन, सावकाश सांगू?

तुला भीक घेणारी म्हणाले, माझ्या भावाची दया येत नाही म्हणाले. ते शब्द मागे घेता येत नाहीत हे मला शिकवायची गरज नाही. तू लंबूला एक वाक्य सांगितलं नाहीस, मी भावाच्या समोर जाऊन उभी राहिले नाही. कोणाचं पारडं जड, हे तोलत बसायचं वय माझं राहिलेलं नाही.

मे अखेर तुम्ही दोघी इकडे या. तीन खोल्या आहेत आणि मी एकटी. इथेही खिडक्या आहेत, पडदे लागतात. बिट्टीच्या पुढच्या शिक्षणाचं मी बघते. उपकार म्हणून नाही. मला करू दे.

तुझी,
ताई


२९ मे

ताईंना नमस्कार.

स्टेशनावर बसलो आहोत. संध्याकाळच्या गाडीने निघतो, उद्या सकाळी पोचू. सामान आज टेम्पोने पुढे गेलं. हे पत्र बहुधा आमच्या मागून येईल, तरी लिहिते. समोरासमोर आपल्या दोघींना जमेल की नाही, सांगता येत नाही.

मधल्या पत्रात तुम्ही विचारलंत की तुमचं बोलणं त्यांनी कधी माझ्यापाशी काढलं का. नाही, ताई. खोटं सांगून तुमचं समाधान करता आलं असतं, पण आता माझ्याच्याने होत नाही. तुमच्याकडून परत आल्यावर ते एवढंच म्हणाले होते की ताई या वेळी फार गप्प होती.

आमच्या इमारतीची लिफ्ट आठवड्यापूर्वी सुरू झाली. लंबूनेच दुरुस्त केली. सतराव्या मजल्यावरचे आजोबा पहिल्या दिवशी सकाळीच खाली येऊन बाकावर बसले. आज सामान न्यायला लंबू स्वतः आला. न बोलता खोकी उचलली, शिवणयंत्र एकट्याने खांद्यावर घेतलं. सगळं खाली गेल्यावर लिफ्टचं दार धरून उभा राहिला आणि म्हणाला, “चला वहिनी.”

मी आत जाणार तेवढ्यात बिट्टी म्हणाली, “मी जिन्याने येते.” आणि उतरायला लागली. मी लंबूकडे बघितलं. तो म्हणाला, “जा तुम्ही तिच्याबरोबर.” त्याने दार सोडलं, रिकामी लिफ्ट खाली गेली.

मी बिट्टीच्या मागून उतरत होते. रिकामं घर मागे टाकताना काही बोलेल, रडेल, असं वाटलं होतं. आठव्या मजल्यापर्यंत काही नाही. सातव्यावर ती थांबली. माझ्याकडे पाठ होती तिची. मग वळली, सवयीने, नीट समोर उभी राहिली आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

म्हणाली, “आई, मी लंबूकाकांना सांगणार होते. डिसेंबरात एकदा, आणि बाबा गेले त्याच्या आदल्या आठवड्यात एकदा. चौथ्या इमारतीत त्यांच्या दारापर्यंत गेले होते. तू शपथ घातली होतीस म्हणून परत आले.”

मी तिला जवळ घ्यायला हात पुढे केला तर तिने तो झिडकारला नाही, पण जवळही आली नाही. हात धरून ठेवला नुसता. खालून कुणीतरी सामान घेऊन चढत होतं, त्यांना वाट द्यावी म्हणून आम्ही दोघी भिंतीला टेकून उभ्या राहिलो. ते गेल्यावर पुढे उतरलो.

तुमची,
वहिनी